विंचू चावतो पायाला, धोका मात्र हृदयाला: कॅल्शियमच्या दारावरचे पहारेकरी

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात कांद्याची बराख उपसताना, दगडी बांध सारखा करताना किंवा पहाटे अंधारात चपलेत पाय घालताना विंचू चावल्याची गोष्ट गावोगावी ऐकायला मिळते. बहुतेक वेळा दिवसभर ठणका मारतो आणि माणूस बरा होतो. पण लाल विंचू असेल, आणि त्यातही चावा लहान मुलाला असेल, तर कधी कधी वेगळंच घडतं. ठणका फारसा नसतो, पण उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात. काही तासांत दम लागतो, खोकल्यातून फेस येऊ लागतो. चावा पायाच्या बोटाला आणि जीव धोक्यात येतो हृदयामुळे. कालपर्यंत ठणठणीत असलेलं हृदय!

असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागेल. हृदय आकुंचन पावतं कशामुळे, आणि पुन्हा सैल होतं कशामुळे? दोन्हीचं उत्तर एकच आहे: कॅल्शियम. आणि या कॅल्शियमला आत घेणाऱ्या दारांवर नजर ठेवणारी काही प्रथिनं आहेत, जी स्वतः कॅल्शियम हातात धरून दार कधी लावायचं ते ठरवतात. आजचा लेख त्यांच्याबद्दल.

लंडनच्या नळाच्या पाण्याची गोष्ट

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं, दात आणि दूध आठवतं. हृदयाला कॅल्शियम लागतं हे कळलं ते चक्क एका चुकीमुळे. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. हृदय छान चालत होतं. मग लक्षात आलं, की मदतनीस ते द्रावण शुद्ध केलेल्या पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनवत होता. शुद्ध पाणी वापरलं तर हृदयाची धडधड कमी होत होत थांबायची. नळाच्या पाण्यात असं काय होतं? थोडंसं कॅल्शियम. १८८३ साली रिंगर यांनी हे प्रसिद्ध केलं. 'रिंगर लॅक्टेट' ही सलाईनची बाटली तुम्ही दवाखान्यात पाहिली असेल. त्यातलं नाव याच रिंगर यांचं.

आवर्तन सुटतं तसं

आता एका हृदयपेशीत डोकावू. पेशीच्या बाहेर कॅल्शियम भरपूर असतं आणि आत जवळपास काहीच नसतं. फरक किती? सुमारे दहा हजार पट. म्हणजे धरणात पाणी तुडुंब आणि पाट कोरडा, अशी स्थिती.

पेशीच्या आवरणात छोटी दारं असतात, त्यांना कॅल्शियम चॅनल म्हणतात. हृदयात मुख्य काम करणारा प्रकार म्हणजे 'एल-टाइप' चॅनल. हृदयातून विजेचा झटका पसरत आला की हे दार उघडतं आणि कॅल्शियम आत घुसतं. पण एवढ्यावर भागत नाही. आत आलेलं हे थोडं कॅल्शियम समोरच्या दुसऱ्या दारावर जाऊन आदळतं. त्या दाराचं नाव रायनोडीन रिसेप्टर. हे दार पेशीच्या आतल्या साठ्याला लावलेलं असतं. दोन दारांमधलं अंतर मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास. पहिल्या दारातून आलेलं कॅल्शियम दुसरं दार उघडतं आणि साठ्यातून मोठा लोंढा सुटतो.

डिंभे धरणाच्या डाव्या कालव्याचं पाणी येडगावला येतं आणि येडगावच्या कालव्यातून ते पुढे लांबवर जातं, हे कुकडी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातल्या वाचकांना माहीत आहेच. एका ठिकाणचं पाणी दुसऱ्या ठिकाणच्या आवर्तनाला कारण ठरतं. हृदयपेशीतही तसंच: माणसाच्या हृदयात आकुंचनासाठी लागणाऱ्या कॅल्शियमपैकी सुमारे ७० टक्के आतल्या साठ्यातून येतं, आणि बाहेरून येणारं थोडं कॅल्शियम त्या साठ्याचं गेट उघडून देतं.

लोंढा सुटला की कॅल्शियम स्नायूच्या तंतूंवरच्या ट्रोपोनिन-सी या प्रथिनाला चिकटतं, तंतू एकमेकांवर सरकतात आणि पेशी आखडते. लाखो पेशी एकदम आखडल्या की एक ठोका पडतो.

इथपर्यंत सगळं ठीक. पण मिनिटाला ७२ ठोके म्हणजे एका ठोक्याला मिळतो एका सेकंदापेक्षा कमी वेळ. तेवढ्यात दार उघडायचं, कॅल्शियम घ्यायचं, दार लावायचं आणि आत आलेलं सगळं उपसून पुन्हा जागच्या जागी ठेवायचं. दिवसाला एक लाखाहून जास्त वेळा! दार उशिरा लागलं तर हृदय नीट सैल होणार नाही, सैल झालं नाही तर त्यात रक्त भरणार नाही, आणि रक्तच भरलं नाही तर पुढच्या ठोक्याला बाहेर काय टाकणार?

दार लावतं कोण?

यावर शास्त्रज्ञांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. चॅनलमधून कॅल्शियम जात असेल तर चॅनल पटकन बंद होतो. पण कॅल्शियमऐवजी त्याचाच भाऊबंद असलेला बेरियम हा धातू पाठवला, तर तो आरामात आत जातो, पण चॅनल मात्र बराच वेळ उघडा राहतो. म्हणजे दाराला कळतं, की आपल्यातून जातंय ते कॅल्शियमच आहे. कसं कळतं?

१९९९ साली याचं उत्तर मिळालं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड यू यांच्या गटाने कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनात बदल केला, इतका की त्याला कॅल्शियम धरताच येऊ नये. हे 'हात बांधलेलं' कॅल्मोड्युलिन पेशीत भरल्यावर कॅल्शियममुळे दार बंद होणं थांबलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाकडे बोट दाखवलं. दाराचा पहारेकरी सापडला होता.

कॅल्मोड्युलिन हे छोटंसं प्रथिन आहे, फक्त १४८ अमिनो आम्लांची साखळी. त्याला दोन गोळे असतात आणि प्रत्येक गोळ्यात कॅल्शियम धरायच्या दोन जागा, म्हणजे एकूण चार. गंमत म्हणजे हे प्रथिन दार उघडल्यावर कुठून तरी धावत येत नाही. ते आधीपासूनच चॅनलच्या आतल्या शेपटीला चिकटून, रिकाम्या हातांनी बसलेलं असतं. दार उघडलं, कॅल्शियम आलं, की कॅल्मोड्युलिन ते पकडतं, त्याचा आकार बदलतो, आणि त्या बदलाने दार ओढलं जाऊन बंद होतं.

घरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी चढलं की चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. मोटरवर कुणी लक्ष ठेवायची गरज नाही. पाणीच पाणी बंद करतं. कॅल्मोड्युलिन तसंच. फरक एवढाच, की टाकीतला चेंडू पूर्ण टाकीची पातळी बघतो, आणि कॅल्मोड्युलिन थेट नळाच्या तोंडाशी बसलेलं असतं. त्यामुळे पेशी भरायची वाट न बघता ते काही हजारांश सेकंदांत कामाला लागतं.

एकटं कॅल्मोड्युलिन नाही

कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनांची ही एक टोळीच आहे. प्रत्येकाची जागा आणि काम वेगळं:

• कॅल्मोड्युलिन: बाहेरचं दार वेळेत लावतं. आतल्या साठ्याच्या दारावरही बसतं आणि ते नको तेव्हा उघडू देत नाही.

• ट्रोपोनिन-सी: कॅल्शियम पकडून स्नायूला 'आखड' असा निरोप देतं. सोडलं की स्नायू सैल.

• कॅल्सिक्वेस्ट्रिन: हे साठ्याच्या आत असतं. एकेक रेणू कॅल्शियमचे चाळीसेक आयन सैलसर धरून ठेवतो. त्यामुळे साठा मोठा असूनही दारावर दाब येत नाही. शिवाय साठा किती भरलाय याची खबर ते दारापर्यंत पोचवतं.

कॅल्मोड्युलिनची आणखी एक बाजू आहे. कॅल्शियम फार वेळ जास्त राहिलं तर तेच कॅल्मोड्युलिन एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, जागं करतं. हा विकर दारं आणखी उघडायला लावतो. म्हणजे रोजच्या ठोक्यात कॅल्मोड्युलिन ब्रेक, पण परिस्थिती हाताबाहेर गेली की तेच अॅक्सिलरेटरवरही पाय ठेवतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, विंचवाकडे वळल्यावर लागणार आहे.

ब्रेक जन्मतःच कमजोर असेल तर?

माणसाच्या शरीरात कॅल्मोड्युलिन बनवणारी तीन वेगवेगळी जनुकं आहेत आणि तिन्ही अगदी तंतोतंत एकच प्रथिन बनवतात. निसर्गाने तीन-तीन प्रती ठेवल्या म्हणजे एक बिघडली तरी चालेल, असं कुणालाही वाटेल. तसं नाही.

२०१२ मध्ये एका स्वीडिश कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या कुटुंबात पळताना, धाकधूक झाल्यावर बेशुद्ध पडणारी आणि अचानक दगावणारी माणसं होती. दोष निघाला कॅल्मोड्युलिनच्या एका जनुकातल्या एका अक्षरात. पुढच्याच वर्षी ज्यांचं हृदय वारंवार बंद पडत होतं अशा तान्ह्या बाळांमध्येही कॅल्मोड्युलिनचे दोष सापडले. त्यांच्यात कॅल्शियम पकडायची ताकद कमी झाली होती. पकड सैल, म्हणून दार उशिरा बंद, म्हणून कॅल्शियम आत येतच राहतं आणि ठोक्याचा विजेचा झटका लांबतो. सहा प्रतींपैकी (तीन जनुकं, प्रत्येकाच्या दोन) एकच प्रत बिघडलेली असली तरी हे पुरतं. कारण बिघडलेलं कॅल्मोड्युलिनही दारावरची जागा अडवून बसतंच. झोपलेला पहारेकरी खुर्ची सोडत नाही, म्हणून जागा असलेल्याला बसता येत नाही.

कॅल्सिक्वेस्ट्रिनच्या दोषातूनही असाच आजार होतो. २००१ साली इस्रायलमधल्या बेदुईन कुटुंबांमध्ये तो सापडला. धावताना किंवा घाबरल्यावर शुद्ध हरपणारं मूल दिसलं, तर 'फिट आली' किंवा 'अशक्तपणा आहे' म्हणून सोडून देऊ नये, ते यासाठी. त्याचा ईसीजी काढून हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

आता विंचवाकडे

लाल विंचवाच्या विषातली मुख्य विषद्रव्यं कॅल्शियमच्या दारांना हात लावत नाहीत. ती पकडतात मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या दारांना, आणि ती लवकर बंद होऊ देत नाहीत. तंतू पेटल्यासारखे संदेश पाठवत सुटतात. त्यातून रक्तात अॅड्रेनालिन आणि नॉरअॅड्रेनालिनचं वादळ उठतं. बिबट्या समोर आल्यावर शरीरात जे होतं ते, पण कितीतरी पट आणि तासन्‌तास.

हृदयपेशीवर अॅड्रेनालिन आलं की आत एक साखळी सुरू होते. कॅल्शियमच्या दाराशी 'रॅड' नावाचं एक छोटं प्रथिन असतं, ते दाराला आवर घालतं. अॅड्रेनालिनचा निरोप पोचला की रॅड बाजूला होतं आणि दार जास्त उघडायला लागतं. रॅडची ही भूमिका २०२० साली स्पष्ट झाली. दुसरीकडे साठा भरणारा पंप जोरात चालू होतो. म्हणजे बाहेरून आवक वाढली आणि साठाही ओसंडून भरला.

कॅल्मोड्युलिन प्रत्येक ठोक्याला आपलं काम करतच असतं. पण आवक इतकी वाढलेली असते, की एवढ्या ब्रेकने भागत नाही. कॅल्शियम सतत वर राहिल्यामुळे मघाशी सांगितलेला विकरही जागा होतो. साठ्याचं दार गळू लागतं, दोन ठोक्यांच्या मधेच कॅल्शियम झिरपतं. पेशी ते बाहेर फेकायला धडपडते. पण कॅल्शियमचा एक आयन बाहेर टाकायला तिला सोडियमचे तीन आयन आत घ्यावे लागतात. हिशोब करा: दोन धन प्रभार गेले, तीन आले. एक जास्तीचा आत राहिला, आणि तेवढ्यानेही अवेळी नवा झटका पेटू शकतो. ठोक्यांची लय बिघडते.

त्याच वेळी रक्तवाहिन्यांमध्ये काय चाललेलं असतं? तिथल्या स्नायूतही कॅल्शियम वाढतं. तिथे आखडण्याचं बटण ट्रोपोनिन नसून कॅल्मोड्युलिनच असतं! ते कॅल्शियम धरून वाहिन्यांना करकचून आवळतं. म्हणून हातपाय गार पडतात आणि रक्तदाब भडकतो. दमलेल्या हृदयाला आता अरुंद नळ्यांतून रक्त ढकलायचं असतं. ते जमेनासं झालं की रक्त मागे साचतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. फेस येतो तो यामुळे.

महाडचा धडा

हे कोडं रुग्णाच्या खाटेशी बसून सोडवलं ते सह्याद्रीच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशावर खात्रीचा उपाय नव्हता. त्यांनी रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. १९८२ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी धोक्याची लक्षणं मांडली: उलटी, भरपूर घाम, गार हातपाय आणि मुलगे-पुरुषांमध्ये लिंग ताठ राहणं. ही दिसली म्हणजे हृदयावर घाला येतोय असं समजावं.

मग त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरायला सुरुवात केली. १९८६ साली त्याबद्दलही 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. प्राझोसिन करतं काय? रक्तवाहिन्यांवर 'आवळ' हा निरोप ज्या जागी येतो ती जागाच अडवतं. वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. बावस्करांच्या नोंदींनुसार या उपचाराने ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं.

पुढे मुंबईच्या हाफकिनची विंचूदंशावरची प्रतिविष लस आली. डॉ. बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवर केलेली तुलना २०११ साली 'बीएमजे'मध्ये छापून आली. लस आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. फक्त प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण तेवढ्या वेळात बरे झाले. लस रक्तात फिरणारं विष धरते, प्राझोसिन आधीच उठलेल्या वादळाचा जोर मोडतं. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली.

इथे कुणी विचारेल, थेट कॅल्शियमची दारंच बंद करणारं औषध का देत नाहीत? अशी औषधं आहेत. पण हृदय आधीच थकलेलं असताना त्याचं कॅल्शियम तोडलं तर जोर आणखी कमी होण्याची भीती असते. भार उतरवणं जास्त सुरक्षित.

त्याच विषातून मिळालेली हत्यारं

या विंचवाच्या विषाने प्रयोगशाळेला मात्र मदतच केली आहे. १९९० च्या सुमारास त्यातून आयबेरियोटॉक्सिन आणि २००२ च्या सुमारास टॅमापिन अशी द्रव्यं वेगळी केली गेली. ती पोटॅशियमच्या अशा दारांना अडवतात, जी कॅल्शियम वाढल्यावर उघडतात. टॅमापिन ज्या दारात अडकतं, त्या दारालाही कॅल्शियमची खबर कॅल्मोड्युलिनच देतं. कुठलं दार कुठे काय काम करतं हे शोधायला जगभरच्या प्रयोगशाळा ही द्रव्यं वापरतात.

घरोघरी पडणारे प्रश्न

कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्याने हृदयपेशीत कॅल्शियम वाढतं का? रक्तातली पातळी शरीर स्वतः काटेकोर राखतं, आणि पेशीत किती जाणार हे दारं आणि पहारेकरी ठरवतात. तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळ्या वाढवू नका.

आजोबांच्या बीपीच्या अॅम्लोडिपिनला 'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर' म्हणतात. हाडं ठिसूळ होतील का? नाही. ही गोळी रक्तवाहिन्यांच्या स्नायूतली एल-टाइप दारं कमी उघडू देते, त्यामुळे वाहिन्या सैल होतात. हाडांतलं कॅल्शियम ती ओढून घेत नाही. या भीतीने गोळी बंद करू नका.

विंचू चावला तर? चिरा देऊ नका, घट्ट बांधू नका, मंत्र-जडीबुटीत वेळ घालवू नका. 'ठणका कमी आहे म्हणजे विष कमी' असंही समजू नका. लहान मूल असेल किंवा उलटी, घाम, गार हातपाय यातलं काहीही दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा आणि किती वाजता चावला ते डॉक्टरांना सांगा. घरातली बीपीची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. रक्तदाब एकदम घसरू शकतो. १०८ नंबरची रुग्णवाहिका अशाच वेळेसाठी आहे.

आणि बराख उपसताना हातमोजे, रात्री बॅटरी, सकाळी चप्पल झटकून घालणं हे उपाय फुकट आहेत. हृदयाच्या दारावरचे पहारेकरी दिवसाला लाखभर वेळा आपलं काम चोख करतात. वादळ त्यांच्यापर्यंत पोचू न देणं, आणि पोचलंच तर वेळेत दवाखान्यात जाणं, एवढं मात्र आपल्याला करावं लागतं.